प्लेऑफच्या शेवटच्या क्षणी पंच शिट्टी का वाजवत नाहीत?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधील डेट्रॉइट पिस्टन्सचे चाहते आहात आणि 27 एप्रिल 2025 रोजी झालेला, न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या प्लेऑफ (बाद फेरी) मालिकेतला चौथा सामना आपण रात्र जागून पाहिला. 94-93 अशा एका गुणाच्या पराभवानंतर आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. टिम हार्डअवे ज्युनियरवर झालेला उघड फाउल मैदानावरच्या तीनपैकी एकाही पंचाला कसा दिसला नाही? सामन्यानंतर चूक मान्य झाली, तरी निकाल तसाच का राहिला? आणि न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहराच्या संघाला लीग झुकते माप देते, हा संशय खरा मानायचा का? मी गेली 22 वर्षे महाराष्ट्रात शालेय स्पर्धांपासून राज्य पातळीपर्यंत बास्केटबॉलचा पंच म्हणून काम करतो आहे आणि अलीकडे नव्या पंचांना शिकवतोही. आमचे सामने फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमांनुसार होतात आणि एनबीएचे काही नियम वेगळे आहेत. तरीही शेवटची पाच सेकंदे उरलेली असताना शिट्टी तोंडात धरून उभ्या असलेल्या माणसाचे मन कसे चालते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी प्रसंग नीट समोर ठेवू. पिस्टन्सच्या केड कनिंगहॅमचा शॉट हुकला, सुट्या चेंडूसाठी झटापट झाली आणि चेंडू कोपऱ्यात, तीन गुणांच्या रेषेबाहेर असलेल्या त्याच्याच संघातल्या हार्डअवेच्या हातात आला. त्याने शॉट घेत असल्याची हुलकावणी (पंप फेक) दिली, निक्सचा जॉश हार्ट हवेत गेला आणि हार्डअवे शॉट घेत असताना त्याच्या अंगावर आदळला. बास्केट झाली नाही, शिट्टी वाजली नाही आणि वेळ संपली. सामन्यानंतर मुख्य पंचांनी सांगितले की, खेळ चालू असताना हार्टचा बचाव नियमात बसणारा वाटला होता, परंतु नंतर चित्रीकरण पाहिल्यावर अंगाला झालेला धक्का किरकोळ नव्हता आणि फाउल द्यायला हवा होता, असे दिसले. म्हणजे एका गुणाने मागे असलेल्या संघाला तीन फ्री थ्रो (अडथळ्याविना घ्यायचे, प्रत्येकी एका गुणाचे शॉट) मिळायला हवे होते आणि त्यांतले दोन आत गेले असते, तरी मालिका 2-2 अशी बरोबरीत आली असती.

आपण याला ‘पंचांची चूक’ म्हणता आणि ते बरोबरच आहे. पण चुकीची वाजलेली शिट्टी आणि न वाजलेली शिट्टी या दोन अगदी निराळ्या चुका आहेत, आणि चाहत्यांच्या मनात वर्षानुवर्षे सलत राहते ती बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची चूक असते. वाजलेली शिट्टी दुरुस्त करण्याची साधने एनबीएने गेल्या दहा-बारा वर्षांत बरीच उभी केली. 2014 मध्ये न्यू जर्सीतल्या सिकॉकस येथे चित्रीकरण पाहून निर्णय तपासणारे रिप्ले केंद्र सुरू झाले. 2019-20 च्या हंगामापासून प्रशिक्षकाला चॅलेंज, म्हणजे पंचाचा निर्णय तपासायला लावण्याचा हक्क, मिळाला आणि 2023-24 पासून पहिला चॅलेंज यशस्वी ठरल्यास दुसराही मिळू लागला. मात्र फाउलसाठी चॅलेंज घ्यायचा, तर आधी कोणीतरी फाउल दिलेला असावा लागतो. 2024-25 पासून एवढीच सवलत आली की, चेंडू कोणाला लागून बाहेर गेला याच्या चॅलेंजमध्ये त्याच झटापटीतला हुकलेला फाउल पंचांना देता येतो. हार्डअवेच्या बाबतीत यातले काहीच लागू नव्हते. दुरुस्तीची सगळी व्यवस्था वाजलेल्या शिट्टीवर उभी आहे, त्यामुळे जी शिट्टी वाजलीच नाही, तिच्याविरुद्ध दाद मागायला मैदानावर जागाच उरत नाही.

आता, तिघांना दिसले कसे नाही? तीन पंच म्हणजे एकाच दृश्याकडे पाहणारे सहा डोळे, असे घरी बसून वाटते. प्रत्यक्षात मैदान वाटून घेतलेले असते. एक पंच बेसलाइनवर, म्हणजे रिंगमागच्या रेषेवर, असतो, त्याला आम्ही लीड म्हणतो. एक मागे असतो, तो ट्रेल. आणि तिसरा समोरच्या बाजूला मधोमध असतो. चेंडू ज्याच्या विभागात असेल, त्याने चेंडूजवळचे खेळाडू पाहायचे आणि इतरांनी चेंडूपासून दूरचे धरणे, ढकलणे, स्क्रीन (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अंगाने अडवणे) यांवर लक्ष ठेवायचे. शॉट हुकून झटापट सुरू झाली की नजर रिंगखालच्या अंगांवर जाते, आणि नेमका तेव्हाच चेंडू बाहेर निसटून कोपऱ्यात गेला, तर ज्याच्या विभागात तो आला, त्या पंचाला अर्ध्या क्षणात मान वळवून नवा कोन शोधावा लागतो. बचाव करणारा खेळाडू पंच आणि शॉट घेणारा यांच्यामध्ये असेल, तर पंचाला फक्त एक पाठ दिसते. आदळणे दिसत नाही, आदळण्याचा परिणाम तेवढा दिसतो.

हा कोन किती महत्त्वाचा असतो, ते मी ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये जवळून पाहिले. सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ तेव्हा मुंबईत दोन प्रदर्शनीय सामने खेळले होते. सगळे प्रेक्षक चेंडू पाहत होते आणि मी बराच वेळ लीडचे पाय पाहत होतो. आक्रमक खेळाडूने रिंगकडे मुसंडी (ड्राइव्ह) सुरू करताच तो पंच बेसलाइनवर दोन पावले बाजूला सरकत असे. तेवढ्या हालचालीने त्याला दोन खेळाडूंच्या मधली फट दिसू लागे, आणि पाऊल पडेपर्यंत शिट्टी त्याच्या ओठांत नुसती थांबलेली असे. आम्ही नव्या पंचांना शिकवतो तेही हेच, की हालचालीची सुरुवात, मध्य आणि शेवट पाहिल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही. ही सबुरी 47 मिनिटे उपयोगी पडते. शेवटच्या सेकंदाला मात्र हालचालीच्या शेवटाबरोबर सामनाही संपतो, आणि ‘शेवट पाहू’ म्हणून थांबलेला पंच थांबलेलाच राहतो.

पण सगळा दोष कोनाला दिला, तर मी आपल्याशी प्रामाणिक राहणार नाही. काही वर्षांपूर्वी एका आंतरजिल्हा स्पर्धेच्या मुलींच्या अंतिम सामन्यात मी मुख्य पंच होतो. सिमेंटचे मैदान होते, दिवे पेटलेले होते आणि कठड्यापर्यंत माणसे दाटलेली होती. एका गुणाचा फरक आणि सहा सेकंदे उरलेली असताना मागे असलेल्या संघाची एक मुलगी डाव्या बाजूने आत घुसली. तिचा हात वर जाताना मध्येच अडखळल्यासारखा झाला आणि चेंडू रिंगलाही न लागता खाली पडला. मला ते दिसले होते. गालात हवा भरलेली होती. तरी मी शिट्टी वाजवली नाही, कारण त्या क्षणी मनात एकच विचार होता, की अंतिम सामन्याचा निकाल माझ्या शिट्टीने लागायला नको. मी टेबलापाशी स्कोअरशीट तपासत असताना ती मुलगी आली. ती काही बोलली नाही, तिने फक्त उजवा हात पुढे केला. मनगटाच्या चार बोटे वर तीन लाल ओरखडे होते आणि त्यांतल्या एकावर रक्ताचा थेंब जमला होता. मुख्य पंचाने स्कोअरशीटवर सही केली की त्या सामन्याशी पंचांचा संबंध संपतो, असा नियम आहे. नियमाने मला मागे जाता येत नव्हते. मी सही केली.

त्या रात्री मला कळले की, निकाल माझ्या शिट्टीने लागू नये म्हणून गप्प राहणे हाही निकाल लावण्याचाच प्रकार आहे. फरक एवढाच, की तो बचाव करणाऱ्या संघाच्या बाजूने लागतो आणि पंचाला आपण काही केले नाही असे वाटत राहते. ‘शेवटी खेळाडूंना खेळू द्यावे’ हे वाक्य प्रशिक्षक, समालोचक आणि कित्येक चाहतेही मोठ्या प्रेमाने म्हणतात. चुकीच्या शिट्टीवर पंचाचे नाव लागते आणि न वाजलेल्या शिट्टीवर कोणाचेच नाव लागत नाही, अशी समजूत मैदानावर खोल रुजलेली आहे. डेट्रॉइटच्या सामन्यातल्या तिघा पंचांच्या मनात नेमके हेच होते, असे मी म्हणणार नाही, परंतु हा ओढा प्रत्येक पंचाला जाणवतो आणि त्याच्याशी जाणीवपूर्वक झगडावे लागते.

प्लेऑफमध्ये हा ओढा वाढण्याची कारणे खेळातच आहेत. तेच दोन संघ एकमेकांशी जास्तीत जास्त सात वेळा खेळतात, एकमेकांच्या चाली पाठ होतात, आणि मग प्रत्येक कट (चेंडूविना घेतलेली अचानक धाव), प्रत्येक स्क्रीन अंगाने अडवली जाते. नियमात ‘किरकोळ स्पर्श’ सोडून देण्याची मुभा आहे, पण किरकोळ म्हणजे किती, हे पंचाने त्या सामन्याच्या ओघात ठरवायचे असते. नियमित हंगामातल्या मापाने सगळे फाउल दिले, तर दुसऱ्या क्वार्टरमध्येच मुख्य खेळाडू बाकावर बसतील. म्हणून पट्टी थोडी सैल होणे मला मान्य आहे. खेळाडूंनाही ते मान्य असते, फक्त ती पट्टी पहिल्या क्वार्टरमध्ये दिसली पाहिजे आणि शेवटपर्यंत तीच राहिली पाहिजे. पहिल्या क्वार्टरमध्ये जो धक्का फाउल होता, तो चौथ्यात फाउल नसेल, तर खेळाडूंनी कशाच्या आधारावर खेळायचे? आपल्या संतापातला सर्वांत न्याय्य भाग मला हाच वाटतो. पुढच्या मालिकेत एकदा असे करून पाहा: पहिली पाच-सहा मिनिटे शॉट घेणाऱ्याऐवजी बचाव करणाऱ्याचे हात आणि छाती पाहा, कोणत्या धक्क्याला शिट्टी वाजते ते लक्षात ठेवा आणि मग शेवटच्या दोन मिनिटांशी ताडून बघा.

शेवटच्या दोन मिनिटांचा हिशोब लीग स्वतःही मांडते. 2015 पासून चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर होतो. त्यात बरोबर शिट्टी, चुकीची शिट्टी, बरोबर सोडून दिलेला स्पर्श आणि चुकीने सोडून दिलेला स्पर्श, असे चार प्रकार नोंदवले जातात. हे अहवाल वाचायची सवय लावली, तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते, ती म्हणजे चौथ्या प्रकारच्या चुका दुसऱ्या प्रकारापेक्षा जास्त असतात. 2024 च्या प्लेऑफमध्ये फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क यांच्यातल्या दुसऱ्या सामन्याचा अहवाल त्याचे ठळक उदाहरण आहे. फिलाडेल्फिया दोन गुणांनी पुढे असताना इनबाउंडच्या वेळी, म्हणजे चेंडू रेषेबाहेरून आत टाकला जाताना, टायरीस मॅक्सीवर झालेले दोन फाउल सुटले, चेंडू न्यूयॉर्ककडे गेला, डाँटे डिव्हिन्चेन्झोने तीन गुणांचा शॉट मारला आणि सामना 104-101 असा फिरला. दोन्ही फाउल सुटल्याचे दुसऱ्या दिवशी लीगने लेखी मान्य केले. पंचांच्या संघटनेचा या अहवालांना विरोध आहे, कारण त्यामुळे पंच बदनाम होतात आणि निकाल मात्र बदलत नाही, असे तिचे म्हणणे आहे. मी स्वतः पंच असूनही मला ते पटत नाही. त्या मुलीच्या सामन्याचा असा अहवाल निघाला असता, तर मला लाज वाटली असती, पण निदान तिच्या हातावरचे ओरखडे कुठेतरी कागदावर आले असते.

तिसरा प्रश्न पक्षपाताचा. हा संशय हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करतो. 2007 मध्ये एनबीएचे पंच टिम डॉनागी यांनी सट्टेबाजीच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला आणि 2008 मध्ये त्यांना 15 महिन्यांची शिक्षा झाली. लीगने माजी सरकारी वकील लॉरेन्स पेडोविट्झ यांच्याकडून चौकशी करवून घेतली. ऑक्टोबर 2008 च्या त्यांच्या अहवालानुसार, दुसऱ्या कोणत्याही पंचाने एनबीएच्या सामन्यांवर पैसे लावल्याची किंवा गुप्त माहिती सट्टेबाजांना दिल्याची माहिती मिळाली नाही. तरीही एकदा पंचच विकला गेला, हे कळल्यावर चाहत्यांचा विश्वास पूर्ववत होत नाही आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

या प्रकरणात डॉनागींनी 2002 च्या ज्या सामन्याकडे बोट दाखवले, तो लॉस एंजेलिस लेकर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यातला सहावा सामना आजही वादाचा विषय आहे. पंचांनी निकाल फिरवल्याचा त्यांचा आरोप लीगने फेटाळला. लेकर्सना त्या सामन्यात 40 फ्री थ्रो मिळाले आणि त्यांतले 27 एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये होते. व्लादे दिवाच आणि स्कॉट पोलार्ड हे किंग्जचे दोन्ही उंच खेळाडू सहा फाउल होऊन बाहेर गेले आणि सामना 106-102 असा लेकर्सकडे गेला. पण त्या सामन्याबद्दल किंग्जच्या चाहत्यांशी बोललात, तर 27 या आकड्याच्या बरोबरीने एक दृश्य निघतेच: अखेरच्या सेकंदांत कोबी ब्रायंटचे कोपर माइक बिबीच्या नाकावर बसले आणि त्याला शिट्टी मिळाली नाही. इतक्या वाजलेल्या शिट्ट्यांमध्येही न वाजलेली एक शिट्टी लोकांच्या मनात घर करून आहे. माझे मत विचाराल, तर त्या चौथ्या क्वार्टरमधले पंचांचे काम वाईट होते, पण त्यावरून कट सिद्ध होत नाही. सातवा सामना किंग्जच्या घरी झाला आणि त्यात त्यांनी 30 पैकी 16 फ्री थ्रोच आत टाकले. सामना जादा वेळेत 112-106 असा हुकला. (मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाने 2013 मध्ये हा संघ विकत घेतला आणि वरळीला आलेला संघ तो हाच.)

मोठ्या शहराच्या मुद्द्यावर मला पेसर्सचे उदाहरण पुरेसे वाटते. 2024 मध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या पहिल्या सामन्यात बरोबरीच्या स्थितीत, शेवटच्या मिनिटात पेसर्सविरुद्ध चेंडूला पाय लावल्याचा निर्णय दिला गेला. चेंडू खरे तर हाताला लागला होता आणि मुख्य पंचांनी नंतर तसे मान्य केले. दोन पराभवांनंतर पेसर्सनी 78 निर्णयांची यादी लीगकडे पाठवली आणि लहान शहरांच्या संघांनाही समान संधी मिळायला हवी, असे जाहीरपणे म्हणणाऱ्या प्रशिक्षक रिक कार्लाइल यांना 35,000 डॉलरचा दंड झाला. पण त्याच पेसर्सनी ती मालिका न्यूयॉर्कच्या मैदानावर सातवा सामना जिंकून घेतली, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कलाच हरवून ते अंतिम फेरीत गेले आणि तिथे त्यांची गाठ ओक्लाहोमा सिटीशी पडली. लीगला मोठ्या शहरांचीच अंतिम फेरी हवी असती आणि ती ठरवून घडवता आली असती, तर 2025 ची अंतिम फेरी या दोन लहान शहरांच्या संघांमध्ये झाली नसती.

मग शेवटच्या शॉटवर न वाजलेली शिट्टीही रिप्लेवर तपासावी का? माझा कल होकाराकडे आहे, पण मर्यादित. अमेरिकन फुटबॉलमध्ये हा प्रयोग होऊन गेला आहे. जानेवारी 2019 मध्ये न्यू ऑर्लिन्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांच्यातल्या उपांत्य फेरीच्या सामन्यात एक ढळढळीत अडथळा सुटला. त्यावर ओरड झाल्यावर एनएफएल या त्या खेळाच्या लीगने 2019 च्या हंगामात असे सुटलेले निर्णय तपासायची सोय केली आणि एका हंगामानंतर ती मागे घेतली, कारण पडद्यावर कोणता स्पर्श ‘पुरेसा उघड’ मानायचा, यावर एकवाक्यता होईना. बास्केटबॉलमध्ये तर प्रत्येक शॉटवर काही ना काही स्पर्श असतोच. म्हणून फरक तीन गुणांच्या आत असताना, वेळ संपतानाचा अगदी शेवटचा शॉट आणि त्यातही फक्त शॉट घेणाऱ्याच्या हाताला किंवा अंगाला झालेला धक्का, एवढेच रिप्ले केंद्राने पाहावे, असे मला वाटते. याचा एक तोटा आहे: त्यामुळे काही खेळाडू शेवटच्या शॉटला बास्केटपेक्षा धक्काच शोधतील. तो तोटा मला हार्डअवेच्या प्रसंगापेक्षा लहान वाटतो.

राहिला आपला दुसरा प्रश्न, की चूक मान्य झाल्यावर तो शेवटचा क्षण पुन्हा का खेळवला नाही. एनबीएमध्ये संघाला रीतसर निषेध नोंदवता येतो आणि तो मान्य झाल्याचे उदाहरणही आहे. डिसेंबर 2007 मध्ये अटलांटा आणि मायामी यांच्या सामन्यात टेबलावरच्या नोंदीत गफलत झाली आणि शकील ओनीलला पाचव्याच फाउलवर, तो सहावा आहे असे समजून, बाहेर काढले गेले. मायामीचा निषेध मान्य झाला आणि 8 मार्च 2008 रोजी शेवटची 51.9 सेकंदे पुन्हा खेळवण्यात आली. तोवर ओनील फिनिक्सकडे गेलेला होता, त्या 51.9 सेकंदांत कोणालाही बास्केट करता आली नाही आणि 114-111 हा अटलांटाच्या बाजूचा निकाल कायम राहिला. तिथे फाउल मोजण्यात चूक होती, म्हणजे नियमाची अंमलबजावणीच चुकली होती. हार्टचा धक्का किरकोळ होता की नव्हता, हे ठरवणे मात्र पंचाच्या नजरेचे काम आहे, आणि नजरेच्या चुकीवर निषेध चालत नाही. फिबाच्या सामन्यांतही पंचाचा असा निर्णय अंतिमच असतो. त्यामुळे डेट्रॉइटकडे त्या रात्री तक्रारीला पुरेपूर कारण होते, पण पुन्हा खेळायला एक सेकंदही नव्हते, आणि ती मालिका सहाव्या सामन्यात न्यूयॉर्कने 4-2 अशी जिंकली.